रग्बी खेळाडूने डोपिंगच्या बंदीपासून स्वतःला कसे सांभाळावे

दक्षिण आफ्रिकेचा विंगर अफिवे द्यांत्यी याला 2018 साली जागतिक रग्बी संघटनेने वर्षातील सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू म्हणून गौरवले. पुढच्याच वर्षी, 2019 च्या जुलैमध्ये, राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरात त्याचा नमुना घेण्यात आला आणि त्यात मेटॅन्डिएनोन, मिथाइलटेस्टोस्टेरॉन आणि एलजीडी-4033 अशी स्नायू वाढवणारी तीन द्रव्ये सापडली. आपण जाणूनबुजून काहीही घेतले नाही, असे त्याचे म्हणणे होते. ते सुनावणीत मान्य झाले नाही आणि त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. त्याच वर्षी जपानमध्ये झालेला विश्वचषक त्याच्या देशाने जिंकला, पण तो त्या संघात नव्हता.

हे प्रकरण प्रत्येक तरुण खेळाडूने नीट समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. याचे कारण डोपिंगच्या नियमांचा पायाच असा आहे, की शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू स्वतः जबाबदार असतो. ते कोणी दिले आणि कोणत्या हेतूने घेतले, हे प्रश्न दोष ठरल्यानंतर, शिक्षा किती द्यायची एवढ्यापुरतेच विचारात घेतले जातात. 2021 पासून लागू असलेल्या जागतिक डोपिंगविरोधी संहितेनुसार स्टेरॉइडसारखे द्रव्य सापडले तर शिक्षेचा हिशेब चार वर्षांच्या बंदीपासून सुरू होतो आणि आपला हेतू तसा नव्हता, हे खेळाडूलाच सिद्ध करावे लागते. खोकल्याच्या औषधातून येऊ शकणाऱ्या टर्ब्युटालिनसारख्या द्रव्यांच्या बाबतीत हिशेब साधारण दोन वर्षांच्या बंदीपासून सुरू होतो. दोन्ही बाबतींत शिक्षा कमी व्हायची असेल, तर ते द्रव्य नेमके कशातून आले, हे दाखवता येणे जवळजवळ अनिवार्य असते.

2010 च्या नोव्हेंबरमध्ये डब्लिन येथील कसोटीनंतर दक्षिण आफ्रिकेच्याच ब्योर्न बॅसन आणि चिलीबॉय रालेपेले या दोघांच्या नमुन्यांत मिथाइलहेक्झानॅमिन हे उत्तेजक आढळले होते. ते संघाला पुरवलेल्या सप्लिमेंटमधून, म्हणजे पूरक आहारातून, आले, हे दाखवता आल्यामुळे 2011 च्या जानेवारीत दोघांवरही खेळबंदी घालण्यात आली नाही. हाच रालेपेले 2014 मध्ये फ्रान्समध्ये खेळत असताना स्टेरॉइडसाठी दोषी ठरला, त्याला दोन वर्षे बाहेर बसावे लागले, आणि 2019 च्या नमुन्यात झेरॅनॉल हे स्नायू वाढवणारे द्रव्य सापडल्यावर बंदी थेट आठ वर्षांची झाली.

म्हणून पहिले काम म्हणजे एक साधी वही करणे. जे औषध, पावडर किंवा गोळी पोटात जाणार आहे तिचे नाव, बॅच क्रमांक, कोणत्या दुकानातून घेतली, कोणी सुचवली आणि कोणत्या तारखेपासून घेतली, हे घेण्याआधी वहीत लिहावे. पावती वहीत चिकटवावी, डब्याच्या लेबलचा फोटो काढून ठेवावा आणि डबा संपत आला तरी तळाची थोडी पावडर डब्यातच ठेवून झाकण घट्ट लावावे, कारण उद्या प्रयोगशाळेत तपासायला देण्यासाठी तीच कामी येते. इन्फॉर्म्ड स्पोर्टसारखे बॅचनिहाय तपासणीचे चिन्ह असलेला डबा घेणे अधिक बरे. तरीही त्यामुळे जबाबदारी संपत नाही. ‘आयुर्वेदिक’ किंवा ‘नैसर्गिक’ असे लिहिलेले, पण घटकांची पूर्ण यादी नसलेले चूर्ण तर खेळाडूने घेऊच नये.

औषधांच्या बाबतीत आपल्याकडे धोका जिममध्ये आहे तसाच कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येही आहे. भारतात सहज मिळणाऱ्या अनेक कफ सिरपमध्ये टर्ब्युटालिन असते आणि त्यावर स्पर्धेच्या काळात आणि त्याबाहेरही बंदी आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमध्ये लघवीचे प्रमाण वाढवणारे औषध मिसळलेले असते. तेही बाराही महिने निषिद्ध आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वाढवण्यासाठी वापरायचे मेफेंटरमिनचे इंजेक्शन काही जिममधून बेकायदा विकले जाते, आणि पुण्यासह महाराष्ट्रात पोलिसांनी त्यावर कारवायाही केल्या आहेत. ट्रेनर कितीही जवळचा असला, तरी त्याच्या हातची सुई टोचून घेऊ नये. बंदीचा प्रश्न तर आहेच, त्याहून मोठा प्रश्न हृदयाचा आहे.

सलाईनचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा मांडतो. उन्हात सराव झाला, ताप आला, अंगात त्राण उरले नाही, की घरची माणसे खेळाडूला जवळच्या दवाखान्यात नेतात आणि डॉक्टर अर्धा लिटरची बाटली लावतात. आपल्याकडे हे इतके नेहमीचे आहे की त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. नियम मात्र असा आहे, की बारा तासांत 100 मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून देणे निषिद्ध आहे, मग त्यात नुसते मीठपाणी का असेना. रुग्णालयातील उपचार, शस्त्रक्रिया आणि रोगनिदानाच्या तपासण्या यांना सूट आहे. अशक्तपणा घालवण्यासाठी दवाखान्यात लावलेली बाटली त्या सवलतीत बसत नाही. आईवडिलांना हे आधीच सांगून ठेवावे आणि खरोखर सलाईन लागलेच, तर रुग्णालयाचे सगळे कागद जपून ठेवावेत.

रग्बीत खांदे आणि गुडघे दुखावतातच, म्हणून स्टेरॉइडच्या इंजेक्शनविषयीही जाणून घ्यावे. कॉर्टिसोनच्या गटातील औषधे कोणत्याही जागी टोचून घेण्यावर 2022 पासून स्पर्धाकाळात बंदी आहे, आणि स्पर्धाकाळ सामन्याच्या आदल्या रात्री 11 वाजून 59 मिनिटांनी सुरू होतो. शरीरातून औषध निघून जायला लागणारा वेळ बराच वेगवेगळा असतो: ट्रायॅमसिनोलोन सांध्यात दिल्यास किमान 10 दिवस, आणि तेच स्नायूत दिल्यास 60 दिवस धरावे लागतात. तेव्हा सुई टोचण्यापूर्वी डॉक्टरांना औषधाचे नाव आणि कोठे टोचणार हे विचारून, पुढच्या सामन्याची तारीख त्यांच्यासमोर ठेवावी. दुखण्यावरचे ट्रॅमाडॉलही 2024 पासून स्पर्धाकाळात निषिद्ध आहे.

एखादे औषध निषिद्ध आहे का, हे तपासण्यासाठी नाडाचे, म्हणजे भारताच्या राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेचे, ‘नो युवर मेडिसिन’ हे ॲप आहे. त्यात नाव टाकून पाहावे आणि आलेल्या उत्तराचा फोटो वहीत ठेवावा. वाडा या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेची निषिद्ध यादी दर 1 जानेवारीला बदलते, म्हणून गेल्या वर्षी चाललेले औषध यंदा पुन्हा तपासावे. मधुमेहासाठी इन्सुलिन लागत असेल किंवा एखाद्या निषिद्ध औषधाला दुसरा पर्यायच नसेल, तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज साधारण 30 दिवस आधी, वैद्यकीय कागदपत्रांसह करावा. दम्याच्या सॅल्ब्युटामॉल इनहेलरला मर्यादेत परवानगी आहे: 24 तासांत 1600 मायक्रोग्रॅम, आणि त्यातही कोणत्याही 8 तासांत 600 पेक्षा जास्त नाही.

आता प्रत्यक्ष चाचणीकडे वळू. सामना संपल्यावर एखादी व्यक्ती येऊन ओळखपत्र दाखवते आणि तुमची निवड झाल्याचे सांगते. त्या क्षणापासून तुम्ही तिच्या नजरेआड जायचे नाही. स्वच्छतागृहात जायचे असेल, तर थेट चाचणीकक्षातच. नकार देणे किंवा निघून जाणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याची शिक्षाही चार वर्षांपर्यंत जाते. सोबत प्रशिक्षक किंवा पालक नेण्याचा आणि भाषा कळत नसेल तर दुभाषा मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. अठरा वर्षांखालील खेळाडूने तर मोठे माणूस बरोबर घ्यावेच. भांडे तुम्ही स्वतः निवडायचे. किमान 90 मिलिलिटर लघवी द्यावी लागते आणि तुमच्याच लिंगाचा अधिकारी ती देताना थेट पाहत असतो, याची मनाची तयारी आधीच ठेवावी. लवकर व्हावे म्हणून बाटल्यांमागून बाटल्या पाणी पिऊ नये. लघवी पातळ झाली, की नमुना पुन्हा द्यावा लागतो आणि तासन्‌तास तिथेच जातात. पुढे ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत तुम्ही ती स्वतः ओतता आणि झाकण फिरवता. झाकणाचे दाते कट्‌कट्‌ वाजत बसतात आणि मग ते मागे फिरत नाही. बाटलीवरचा आणि फॉर्मवरचा क्रमांक अंकनअंक जुळवून पाहावा. गेल्या सात दिवसांत घेतलेले सगळे, अगदी डोकेदुखीची गोळीसुद्धा, वही उघडून फॉर्मवर लिहावे. काही चुकीचे वाटले तर तेही तिथेच लिहून मगच सही करावी आणि आपली प्रत घ्यावी.

नोंदणीकृत चाचणी गटात, म्हणजे स्पर्धेबाहेरही चाचणीसाठी निवडलेल्या खेळाडूंच्या यादीत, नाव असलेल्या खेळाडूला रोज पहाटे 5 ते रात्री 11 यांमधला एक तास आणि ठिकाण आधी कळवावे लागते. बारा महिन्यांत तीनदा चूक झाली, म्हणजे माहिती दिली नाही किंवा सांगितल्या जागी सापडला नाही, तर दोन वर्षांपर्यंत बंदी येते. गावी जाताना, लग्नाला जाताना, ट्रेन चुकली तर लगेच माहिती बदलावी. हे काम मॅनेजरवर सोपवले, तरी चूक खेळाडूच्याच नावावर लागते.

नमुना दोषी आल्याची नोटीस आली, तर सर्वप्रथम तिच्यावरच्या मुदती पाहाव्यात आणि डोपिंगच्या कायद्याची माहिती असलेला वकील गाठावा. ‘बी’ नमुना तपासण्याची मागणी करता येते. भारतात सुनावणी शिस्तपालन समितीपुढे होते आणि तिच्यावर अपील समिती आहे. आरोप खरा असेल आणि शिक्षा चार वर्षांची किंवा अधिक असेल, तर आरोपपत्र मिळाल्यापासून 20 दिवसांत कबुली देऊन शिक्षा मान्य केल्यास एक वर्ष कमी होते. कोकेनसारखे द्रव्य स्पर्धेबाहेर आणि खेळाशी संबंध नसताना घेतल्याचे सिद्ध झाले, तर बंदी तीन महिन्यांची असते, आणि मान्य केलेला उपचार पूर्ण केल्यास एक महिन्याची. पूर्वी असे नव्हते. इंग्लंडचा प्रॉप मॅट स्टीव्हन्स याला 2009 मध्ये कोकेनसाठी पूर्ण दोन वर्षे बाहेर बसावे लागले.

बंदीच्या काळात क्लबच्या मैदानावर संघाबरोबर सराव, प्रशिक्षण देणे किंवा दुसऱ्या खेळाच्या अधिकृत स्पर्धेत उतरणे, हे सगळे बंद असते. शेवटचे दोन महिने किंवा बंदीचा शेवटचा चतुर्थांश, यांपैकी जो काळ कमी असेल तेवढ्यात संघाबरोबर सरावाची मुभा मिळते. त्याआधी मित्रांनी आग्रह केला म्हणून एखादा सामना खेळलात, तर मूळ बंदीइतकीच नवी बंदी लागू शकते. आणि ती वही बंदी संपली किंवा खेळणे सोडले तरी फेकू नये, कारण दिलेला नमुना 10 वर्षांपर्यंत साठवून पुन्हा तपासता येतो.