वॉर्डमधल्या माणसांची काळजी: सुरुवात ड्युटी चार्टपासून

वॉर्डमधल्या स्टाफची चिडचिड वाढली, आजारपणाच्या रजा वाढल्या की बहुतेक ठिकाणी ताणमुक्तीचं एखादं व्याख्यान ठेवतात. आठवड्यात सगळं पुन्हा होतं तसं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची (कामाने माणूस पार थकून, विटून जाण्याची) व्याख्या स्पष्ट केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामावरच्या सततच्या, वेळीच न आवरलेल्या ताणाचा तो परिणाम आहे असं सांगितलं. म्हणून आधी कामाची मांडणी बघा.

ड्युटी चार्ट समोर घ्या. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र याच क्रमाने फिरवा. शरीराचं घड्याळ २४ तासांहून किंचित लांब चालतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं सोपं जातं, मागे ओढणं अवघड. सलग रात्रपाळ्या तीनपर्यंतच ठेवा. दोन ड्युट्यांमध्ये किमान ११ तास हवेत. दुपारची पाळी रात्री ९ला संपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ७ला हजर व्हायचं, तर मधे दहाच तास उरतात; प्रवास, जेवण, आवराआवर वजा केली की झोप जेमतेम सहा तास. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे रात्रपाळी सकाळी संपते तोच दिवस सुट्टी म्हणून मोजणं. तो दिवस झोपेत जातो. सुट्टी त्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरा. चार्ट चार आठवडे आधी लावा आणि पाळ्यांची आपसातली अदलाबदल लेखी घ्या, नाहीतर नकार देता न येणाऱ्या त्याच दोघी-तिघींवर सगळं येऊन पडतं.

हे लाड नाहीत. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, आणि त्याच अवस्थेत तो इन्सुलिनचा डोस मोजत असतो.

‘जमलं तर ब्रेक घ्या’ म्हटलं की ब्रेक होत नाही. हँडओव्हर (आधीच्या पाळीकडून काम ताब्यात घेणं) झाल्या झाल्या फळ्यावर तीन गोष्टी लिहा: कोण, किती वाजता, बदली कोण. १२ तासांच्या ड्युटीत ३० मिनिटांचे दोन ब्रेक धरा, आणि वॉर्डचा फोन बदलीवाल्याकडे द्या. तो खिशात असेल तर तो ब्रेकच नव्हे. रात्री डुलकी घ्यायची तर १५ ते २० मिनिटांची. त्याहून लांबली तर गाढ झोपेतून उठल्यावर डोकं जड राहतं, म्हणून उठल्यावर काही मिनिटं औषधं काढायला बसू नये. इनचार्जने स्वतः ब्रेक घ्यायलाच हवा. तिने घेतला नाही, तर बाकीच्यांना उठताना अपराधी वाटतं.

सीपीआर (छाती दाबून हृदय पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न) करूनही रुग्ण गेला, की पाळी संपण्याआधी दहा मिनिटं एकत्र बसा. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, सफाई कर्मचारी, जे जे तिथे होते ते सगळे. काय घडलं, काय नीट जमलं, कुठे अडलं, आत्ता कोणाला थोडा वेळ मोकळं करायला हवं, एवढंच विचारा. दोष कोणाचा हे इथे ठरवायचं नाही, चौकशी वेगळी. कोणालाही भावना सांगायची सक्ती करू नका. प्रसंग पुन्हा जगायला लावणाऱ्या सक्तीच्या बैठकांनी काहींचा त्रास वाढतो.

एखाद्याच्या हातून चूक होऊन रुग्णाला इजा झाली असेल, तर आधी रुग्णाला सांभाळा, मग त्या सहकाऱ्याला. अशा व्यक्तीसाठी अमेरिकेतले डॉ. अल्बर्ट वू यांनी २००० साली ‘दुसरा बळी’ असा शब्द वापरला. त्या पाळीत तिला एकटं ठेवू नका. दुसऱ्या दिवशी फोन करा, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. तोवर बाकीचे विसरलेले असतात, तिची झोप मात्र उडालेलीच असते. ‘होतं असं, विसरून जा’ हे वाक्य टाळा. ‘पुढच्या चौकशीत मी सोबत बसेन’ हे जास्त कामाचं.

कौतुकाबद्दल थोडंसंच. ‘छान काम’ हवेत विरतं. ‘बेड ४च्या लघवीचं प्रमाण कमी झाल्याचं तुम्ही वेळेत कळवलं, म्हणून डायलिसिस टळलं’ हे लक्षात राहतं, आणि पुढच्या वेळी दुसरंही कोणी तसंच कळवतं.

जास्त फरक पडतो तो अडचणींच्या वहीने. फाटलेला बीपी कफ, अडकणारं ट्रॉलीचं चाक, न सापडणारी किल्ली: ज्याला दिसेल त्याने लिहायचं. दर आठवड्याला निदान एक नोंद निकालात काढून तिच्यापुढे तारीख आणि करणाऱ्याचं नाव टाका. नोंदी निकालात न निघता साचत गेल्या की महिन्याभरात वही कोरी राहू लागते; त्याचा अर्थ अडचणी संपल्या असा घेऊ नका.

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, कामात सतत रडू येतं, अशा सहकाऱ्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला मदत करा. मरणाची भाषा कानावर आली तर थेट विचारा, त्याच दिवशी न्या, तोवर सोबत थांबा आणि औषधांच्या कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे द्या. तज्ज्ञ शक्यतो आपल्या रुग्णालयाबाहेरचा असावा. रोजच्या सहकाऱ्याकडेच केस पेपर काढायचा म्हटलं, तर माणूस जातच नाही.