जॉयस्टिक आणि बटणं जोडताना: मधला आकडा आधी मोजा

रोबो गाडी किंवा सर्वोचा (सांगितलेल्या कोनात फिरणाऱ्या मोटारीचा) हात चालवायला दोन अक्षांचं छोटं जॉयस्टिक मॉड्यूल पुरतं. आत १० किलोओहमचे दोन पोटेन्शिओमीटर (फिरवलं की रोध बदलणारे भाग) आणि दांडी खाली दाबली की लागणारं एक बटण, एवढाच मामला. पिना पाच: जीएनडी (ग्राउंड), +५व्ही (वीज), व्हीआरएक्स आणि व्हीआरवाय (दोन अक्षांचे आकडे), एसडब्ल्यू (बटण).

आर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डवर व्हीआरएक्स ए० ला, व्हीआरवाय ए१ ला आणि एसडब्ल्यू डिजिटल २ ला जोडा. ईएसपी३२ हा वाय-फायवाला बोर्ड असेल तर मॉड्यूलवर +५व्ही छापलेलं असलं तरी तिथे ३.३ व्होल्टच द्या. ५ दिले, तर दांडी टोकाला नेताच ते थेट इनपुटवर जातात आणि पिन जळू शकते. एक्स-वायसाठी ३४ आणि ३५ घ्या. त्या एडीसी-१ च्या (एडीसी म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) आहेत; एडीसी-२ च्या पिना वाय-फाय चालू असताना धड वाचता येत नाहीत. बटण मात्र २७ वर लावा, कारण ३४ ते ३९ ला आतला पुलअपच (बटण सुटं असताना पिन वर धरणारा रोध) नाही.

आता खरी मेख. उनो ० ते १०२३ वाचतो, म्हणून दांडी सोडल्यावर ५१२ येईल असं धरून बरेच जण प्रोग्रॅम लिहितात. प्रत्यक्षात ४९८ येतो, कधी ५३०. समजा ५३० आला आणि सरळ -१०० ते १०० मध्ये बदलला, तर हात न लावताही साधारण ३.६ मिळतात, मोटार जागच्या जागी गुणगुणते आणि बॅटरी उतरते.

म्हणून सुरुवातीला, दांडीला हात न लावता, ३२ वाचनांची सरासरी काढा. तो तुमचा मध्य. प्रत्येक वाचनातून मध्य वजा करा. फरक ४० च्या आत असेल तर शून्य समजा (ईएसपी३२ वर १६०). बाहेर असेल तर त्यातून ४० काढून टाका, नाहीतर हद्द ओलांडताच गाडी एकदम उसळते. मग १०० ने गुणून दोन्ही बाजूंना वेगवेगळा भागाकार करा: मध्य ५३० असेल तर वरच्या बाजूला ४५३ ने (१०२३ - ५३० - ४०), खालच्या बाजूला ४९० ने (५३० - ४०). गुणताना लाँग प्रकारचं (मोठे आकडे मावणारं) व्हेरिएबल वापरा. उनोवर साधा इंट ३२७६७ पर्यंतच जातो. ४५३ गुणिले १०० त्यात मावत नाही आणि दांडी पूर्ण पुढे ढकलली की गाडी उलटी पळते. हा दोष वायरिंगमध्ये शोधत लोक तासन्‌तास घालवतात.

बटणांचं काम सोपं आहे. चार पायांच्या बटणाचे समोरासमोरचे पाय आतून जोडलेले असतात, म्हणून तिरके दोन पाय घ्या: एक पिनला, एक ग्राउंडला. पिन ‘इनपुट पुलअप’ ठेवा. दाबलं की शून्य वाचेल. जॉयस्टिकच्या एसडब्ल्यूलाही हेच लागू, नाहीतर बटण आपोआप दाबल्यासारखं वागतं. संपर्क काही मिलिसेकंद थरथरतो, तेव्हा बदल २० मिलिसेकंद टिकला तरच माना. त्यासाठी डिले (प्रोग्रॅम थांबवून ठेवणारी आज्ञा) वापरू नका, मिलिसने (चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद देणाऱ्या आज्ञेने) वेळ मोजा.

मोटार फिरताच आकडे नाचत असतील तर मोटारीला वेगळी बॅटरी द्या, पण ग्राउंड एकच ठेवा. व्हीआरएक्स आणि व्हीआरवायपासून ग्राउंडला ‘१०४’ छापलेला (म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा) एकेक सिरॅमिक कपॅसिटर लावा.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसी किंवा यंत्रमागाच्या वस्तीत काम करत असाल, तर चादरी-टॉवेलचे तंतू हवेतून सगळीकडे बसतात. मॉड्यूल बाजूंनी उघडं असतं. तंतू आत अडकला की दांडी पुरती मध्यावर येत नाही. मॉड्यूल डब्यात बसवून दांडीभोवती फुग्याचा कापलेला तुकडा ताणून लावा. साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. तेल नको, त्यावर तंतू आणखी चिकटतात. मग सिरियल मॉनिटर (बोर्डचे आकडे दाखवणारी संगणकावरची खिडकी) उघडून दांडी सावकाश फिरवा. एकाच जागी आकडा दरवेळी शंभराने उडत असेल तर आतला पट्टा झिजलाय. सरासरी काढून तो सुधारत नाही, मॉड्यूल बदला.