रेडिएटर गरम, नळाला मात्र गार पाणी: बॉयलरच्या सेन्सरमधला बिघाड कसा ओळखावा

गेल्या जानेवारीत लंडनच्या आमच्या घरात कॉम्बी बॉयलरने, म्हणजे रेडिएटर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणाऱ्या यंत्राने, हेच केलं. रेडिएटर चटका बसेल इतके तापलेले आणि भांडी घासायच्या नळाला गारढोण पाणी. तुमच्याकडे असं झालं तर घाबरू नका, पण क्रमाने बघा.

आधी घरातले सगळे गरम पाण्याचे नळ सोडून पाहा. एकाच नळाला गार पाणी येत असेल तर दोष त्या नळात. सगळीकडे तेच असेल तर बॉयलरचा दाब बघा. थंड असताना तो साधारण 1 ते 1.5 बार हवा. मग पडद्यावरचा कोड लिहून घ्या आणि मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ शोधा. कोड कंपनीप्रमाणे बदलतात, शेजाऱ्याचा उपयोगी पडत नाही. रीसेट एकदा करून बघा. कोड परत आला तर पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नका.

आता पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं काम समजून घ्या, म्हणजे कुणी उगाच महाग भाग बदलायला लावणार नाही. पाणी तापलं की सेन्सरचा विद्युतरोध कमी होतो. बऱ्याच बॉयलरमध्ये तो 25 अंशांना 10,000 ओहम असतो, 60 अंशांना जेमतेम 2,500. वायर तुटली की रोध अफाट वाढतो, बॉयलरच्या सर्किटला ते आकडे अशक्य वाटतात आणि ते कोड दाखवतं. सेन्सर पुरता मेला नसेल, नुसता चुकीचं सांगत असेल, तर कोड येईलच असं नाही. पाणी कोमट येतं नाहीतर एकदम कढत.

पण पाणी गरम-गार होत राहण्याचं कारण क्षारही असू शकतात. लंडनचं पाणी जड आहे, ते तापवणाऱ्या प्लेटवर थर बसतो. तेव्हा नुसता सेन्सर बदलून भागत नाही.

बॉयलरचं झाकण मात्र उघडू नका. अनेक मॉडेलमध्ये तेच धूर घरात येऊ देत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची अधिकृत यादी) नोंदणी असलेलाच माणूस बोलवा, त्याचं ओळखपत्र दोन्ही बाजूंनी बघा. गॅसचा वास आला तर खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, बाहेर या आणि ब्रिटनमधल्या गॅसच्या आपत्कालीन नंबरवर, 0800 111 999 वर, फोन करा.

आलेल्या माणसाला एकच विनंती करा: सेन्सर बदलण्याआधी मीटर लावून मोजा. आमच्याकडे त्याने मोजलं, तर सेन्सर ठणठणीत होता. वायरीच्या जोडावर हिरवट गंज चढला होता.