लुकासआर्ट्सचे जुने गेम खेळायचेत? मग वर्षाप्रमाणे खेळू नका

बरेच जण लुकासआर्ट्स या स्टुडिओच्या अ‍ॅडव्हेंचर गेमची, म्हणजे गोष्टीतली कोडी सोडवत पुढे जायच्या गेमची, यादी काढतात, १९८७ च्या मेनिअ‍ॅक मॅन्शनपासून सुरू करतात आणि दोन-तीन तासांत कंटाळून सोडून देतात. त्यात चुकीचं काही नाही, तो गेमच तसा आहे, एखादी वस्तू चुकीच्या जागी वापरून संपवली की पुढे रस्ताच बंद आणि ते तुम्हाला कळतही नाही. तो नंतर खेळा.

सुरुवात द सीक्रेट ऑफ मंकी आयलंडने करा, १९९० चा. स्पेशल एडिशन घ्या, त्यात एफ१० दाबलं की जुनी चित्रं दिसतात, मी तर प्रत्येक नवीन खोलीत गेलो की एकदा दाबून बघतोच. तो बनवणाऱ्या रॉन गिल्बर्टला खेळाडूला सारखं मारून टाकणारे गेम आवडायचे नाहीत, म्हणून इथे तुम्ही जवळजवळ मरतच नाही, फक्त गेमचा नायक गायब्रश पाण्याखाली दहा मिनिटं श्वास रोखू शकतो, तेवढा वेळ नुसते बसून राहिलात तरच बुडतो. आणि तलवारबाजी हाताने नाही, टोमण्यांनी जिंकायची! वाटेत भेटेल त्या चाच्याशी भिडा, हरलात तरी चालेल, त्याचा टोमणा आपल्याला पाठ होतो.

मग लूम, तोही १९९० चाच. शेजारी कागद-पेन्सिल ठेवाच. यात वस्तू गोळा करायच्या नाहीत, चार सुरांच्या छोट्या धून वाजवून जादू करायची, आणि बऱ्याचशा धून प्रत्येक वेळी नवीन खेळताना बदलतात, त्यामुळे नेटवरचं उत्तर कामाला येत नाही. हा छोटा आहे, एका रविवारी संपतो.

लूम आणि मेनिअ‍ॅक मॅन्शनसाठी स्कमव्हीएम टाका, जुने गेम आजच्या मशीनवर चालवणारा प्रोग्राम, फुकट आहे, मोबाईलवरही चालतं. त्यात गेम नसतात हां, ते गॉग या गेम विकणाऱ्या वेबसाइटवरून विकत घ्यायचे आणि अ‍ॅड गेम दाबून फोल्डर दाखवायचा. स्कम हे नाव मेनिअ‍ॅक मॅन्शनसाठी बनवलेल्या सिस्टीमचं, पुढे १९९७ पर्यंत स्टुडिओने आपले बहुतेक अ‍ॅडव्हेंचर गेम त्यावरच बनवले.

त्यानंतर डे ऑफ द टेंटॅकल, १९९३. यातल्या एका खोलीतल्या कॉम्प्युटरवर आख्खा मेनिअ‍ॅक मॅन्शन खेळता येतो, वेगळा घेतला नसेल तर तो इथेच खेळा, आता राग येणार नाही.

शेवटी ग्रिम फँडँगो, १९९८, टिम शेफरचा. २०१५ चा रीमास्टरच घ्या कारण जुन्यात माऊस चालत नाही. माझ्या मते स्टुडिओचा सगळ्यात सुंदर गेम हाच, पण तो फारसा खपला नाही, मग २००४ मध्ये सॅम अँड मॅक्सचा नवा गेम अर्धवट असतानाच रद्द झाला आणि तिथून बाहेर पडलेल्यांनी त्याच वर्षी टेलटेल ही गेम कंपनी काढली. २०१२ मध्ये डिस्नेने लुकासफिल्म घेतली, २०१३ च्या एप्रिलमध्ये स्टुडिओतलं गेम बनवणं बंद. ग्रिम संपल्यावर टेलटेलचा २०१२ चा द वॉकिंग डेड लावा, आवडेल.