नव्या गावात रानडुकरांचा माग कसा काढावा

कोकणात नव्याने जमीन घेऊन भात, नाचणी किंवा नारळ-सुपारी लावणाऱ्याची रानडुकरांशी गाठ बहुधा पहिल्याच हंगामात पडते. कळप दिवसा कुठे दडतो, कोणत्या वाटेने उतरतो आणि गडग्यातल्या (दगड रचून केलेल्या कुंपणातल्या) कोणत्या खिंडारातून आत शिरतो, हे ज्याने शोधून काढले त्याचे पीक वाचण्याची आशा असते. बाकीच्यांनी कितीही राखण केली तरी जागरणच पदरी पडते.

शोधाला निघण्यापूर्वी कायदा नीट समजून घ्यावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये आहे. त्यामुळे हौसेखातर, मांसासाठी किंवा गावची जुनी पारध म्हणूनही त्याची शिकार करणे हा गुन्हा आहे. उभ्या पिकाला धोका झाल्याची खात्री पटल्यास कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. येथे नवखी माणसे एक घोटाळा हमखास करतात. शेजाऱ्याकडे शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक आहे, एवढ्यावरून डुक्कर मारण्याची मुभा मिळत नाही. शस्त्र बाळगण्याचा परवाना आणि वनविभागाची परवानगी हे दोन वेगळे कागद आहेत आणि दोन्ही हाती असल्याशिवाय गोळी झाडता येत नाही.

माग काढण्याची सुरुवात माणसांपासून करावी. वाडीतले गुराखी, रानात लाकूडफाट्याला जाणाऱ्या बाया आणि वर्षानुवर्षे भाताची राखण केलेले वयस्कर शेतकरी यांना डुकरांच्या वाटा तोंडपाठ असतात. ‘डुकरे येतात का?’ एवढेच विचारून थांबू नये, कारण त्याचे उत्तर सगळीकडे ‘येतात’ असेच मिळते. गेल्या वर्षी कोणाचा कोपरा आधी उकरला, कोणत्या पऱ्ह्याला (ओढ्याला) उन्हाळ्यातही पाणी राहते, कोणाची वरकस (उताराची हलकी) जमीन पडीक राहून करवंदीच्या जाळ्यांनी भरली, असे नेमके प्रश्न विचारावेत. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. माणसे मुंबईला गेली, वरकस पडीक पडली, तिथे घाणेरी आणि करवंदी माजली आणि डुकरांना वस्तीच्या अगदी कडेला दिवसाचा आसरा मिळाला, असे चित्र कित्येक वाड्यांत दिसते.

त्यानंतर आपल्या जमिनीची सीमा सकाळी, ऊन चढण्याआधी, सावकाश फिरून पाहावी. कातळसड्यावर (उघड्या खडकाच्या माळावर) पाऊल उमटत नाही, म्हणून मळ्याची ओली माती, पऱ्ह्याचा काठ आणि पाणंदीतला चिखल येथेच लक्ष द्यावे. डुकराच्या खुरांचा ठसा दोन बोथट फाकांचा असतो आणि मऊ मातीत त्यामागे बाजूला दोन मागच्या नख्यांच्या खुणाही उमटतात. भेकराचा ठसा अरुंद आणि टोकदार असतो. चिखलात लोळण्याची जागा सापडली तर जवळची झाडे तपासावीत, कारण लोळून उठलेले डुक्कर अंग घासते आणि खोडावर चिखलाचा थर राहतो. तो ओला असेल तर कळप नुकताच गेला असे समजावे. थराची उंची पाहून जनावर केवढे होते याचाही अंदाज येतो.

उकरलेल्या जागेवरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. डुक्कर मुस्कटाने जमीन नांगरल्यासारखी उलथते आणि सुरण, कणगर, गांडुळे, अळ्या शोधत बराच पट्टा उकरत जाते. साळिंदर नारळाच्या रोपाचा बुंधा कुरतडते, नेटका खड्डा करते आणि कधी काटे टाकून जाते. दोघांवरचे उपाय वेगळे असल्याने ही ओळख चुकू देऊ नये.

ठसे, लोळणीची जागा, उकीर आणि कुंपणातली खिंडारे सातबाऱ्यासोबतच्या नकाशाच्या प्रतीवर तारखेसह टिपून ठेवावीत. काही दिवसांतच दिसू लागते की कळप सगळीकडून येत नाही. झाडोऱ्याच्या आडोशाने येणाऱ्या दोन-तीन ठरावीक वाटा तो वापरतो. ज्या जाळीत दिवसा कळप असल्याचा संशय आहे तिच्यात शिरू नये. पिल्लांची मादी आणि एकटा फिरणारा मोठा नर दोघेही माणसावर धावून येतात आणि अरुंद जाळीत पळायला वाट नसते.

रात्रीच्या राखणीची जागा वाऱ्यावरून ठरवावी. डुकराची नजर अधू, पण नाक अतिशय तीक्ष्ण असते. हिवाळ्याच्या तोंडाशी रात्री डोंगराकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, त्यामुळे डोंगरातून उतरणाऱ्या कळपाला शेताच्या पश्चिमेकडच्या माळ्यावर बसलेल्याचा वास सहसा लागत नाही. खाजणाच्या (खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या) बाजूने कळप येत असेल तर हाच हिशोब उलटा होतो.

वाटा कळल्या की पहिला खर्च त्या वाटांवरच करावा. गडग्याची खिंडारे चिऱ्यांनी बुजवावीत, जाळीची खालची कड जमिनीत पुरावी, आणि सौर कुंपण घातले तर सर्वांत खालची तार जमिनीपासून साधारण वीतभरच ठेवून तिच्याखालचे गवत पावसाळ्यात सतत काढावे, कारण ओल्या गवताला तार टेकली की प्रवाह जमिनीत उतरतो. घरगुती विजेची तार थेट कुंपणाला जोडणे, फासकी (तारेचा फास) लावणे किंवा गावठी बॉम्ब ठेवणे यांपैकी काहीही कदापि करू नये. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटे अडकल्याच्या घटना कोकणात वारंवार घडतात आणि विजेच्या तारेने माणसेही मरतात.

नुकसान झालेच तर उकरलेल्या पिकाची आणि ठशांची छायाचित्रे काढून तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे तक्रार नोंदवावी, म्हणजे पंचनामा होऊन भरपाई मागता येते. मारण्याच्या परवानगीसाठी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात अर्ज करताना तोच तारखांचा नकाशा सोबत जोडावा. परवानगी मिळून डुक्कर मारले गेले, तरी ते शासनाची मालमत्ता ठरते. म्हणून मांसाचे वाटे न घालता लगेच वनरक्षकाला कळवावे आणि ते ताब्यात दिल्याची नोंद करून घ्यावी.