टॅबवर मराठी लिहायचंय? आधी कीबोर्डकडे बघा

पणजी-मडगाव बसमध्ये टॅब आडवा धरून मराठी टाइप करणं म्हणजे अंगठ्यांची कसरत. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्ड अ‍ॅपमध्ये कीबोर्ड दोन भागांत विभागायची सोय आहे, ती चालू करा. अंगठे कडेलाच राहतात. जोडाक्षरांचा कंटाळा येत असेल तर हस्तलेखनाचा पर्याय निवडून बोटानं सरळ गिरवा. पावसाळ्यात मात्र खिशात सुती रुमाल हवाच, कारण ओलसर बोट टचस्क्रीनला नीट कळत नाही.

पानंच्या पानं लिहायची असतील तर ब्लूटूथ कीबोर्ड घ्या. त्यावर इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची कळांची मांडणी शिकलात तर उत्तम: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या, हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह) ‘डी’च्या कळीवर. सुरुवातीला चाचपडाल, पण देवनागरी कोंकणीसाठीही हीच मांडणी कामी येते. आपल्याकडे गोव्यात हा फायदा थोडाथोडका नाही.

ई-रीडरवर लिहायचा हट्ट शक्यतो नको. त्याचा ई-इंकचा, म्हणजे कागदासारखा आणि उन्हातही वाचता येणारा, पडदा सावकाश बदलतो, अक्षर बोटामागून रेंगाळत उमटतं. शब्द शोधणं, दोन ओळींची टीप, एवढ्यापुरतं ठीक. अँड्रॉइडवर चालणाऱ्या ई-रीडरना ब्लूटूथ कीबोर्ड जोडता येतो. मिरामारच्या किनाऱ्यावर उन्हात बसून लिहायचंच असेल, तर तो पर्याय बघा.