ग्रंथमालेची नोंद : ४९० आणि ८३० मधली गल्लत

ग्रंथालयात तालिकीकरणाच्या टेबलावर नव्याने बसलेल्यांच्या नोंदी तपासल्या तर शीर्षक, लेखक, आयएसबीएन बहुधा बरोबर निघतात. लाल खुणा होतात त्या ग्रंथमालेच्या ओळीवर. मार्क २१ या संगणकीय नोंदींच्या साच्यात मालेसाठी दोन वेगळी कामं करावी लागतात, आणि नवखा माणूस ती एकच समजतो. पुस्तकावर जे छापलंय ते ४९० टॅगमध्ये (टॅग म्हणजे नोंदीतला क्रमांक दिलेला रकाना) जसंच्या तसं उतरवायचं. आपल्या तालिकेने त्या मालेसाठी ठरवलेलं एकमेव नाव ८३० मध्ये द्यायचं. वाचक मालेच्या नावावर क्लिक करून बाकीची पुस्तकं शोधतो ती या दुसऱ्या टॅगच्या भरवशावर.

बडोद्याची श्रीसयाजीसाहित्यमाला घ्या. समजा, हातातल्या पुस्तकावर नाव सुटं छापलंय आणि खाली ‘पुष्प सातवे’ आहे. तर नोंद अशी :

४९० १# $ए श्री सयाजी साहित्य माला ; $व्ही पुष्प ७ वे
८३० #० $ए श्रीसयाजीसाहित्यमाला ; $व्ही ७

टॅगनंतरच्या दोन जागा म्हणजे इंडिकेटर; # म्हणजे रिकामी जागा. $ आणि पुढचं अक्षर ही टॅगच्या उपभागाची खूण : $ए मध्ये नाव, $व्ही मध्ये क्रमांक. ‘सातवे’चं ‘७ वे’ केलं, कारण मालेच्या क्रमांकात अक्षरी संख्या आकड्यात लिहायची असा आरडीए या तालिकीकरणाच्या नियमावलीचा नियम आहे. ‘पुष्प’ मात्र ४९० मधून गाळायचं नाही. आपल्या जुन्या माला फुलांच्या, मण्यांच्या हिशेबात चालतात. पुष्प, मणी, ग्रंथांक, जे छापलं असेल ते राहू द्या. ८३० मध्ये क्रमांक कसा द्यायचा हे मालेपुरतं एकदा ठरवायचं, मग त्यात बदल नाही. मालेभोवती कंस घालू नका. तो दाखवताना सॉफ्टवेअर घालतं.

८३० चा दुसरा इंडिकेटर वर्णक्रमात सुरुवातीची किती अक्षरं सोडायची ते सांगतो. ही सोय इंग्रजी ‘द’, ‘अ’ यांसारख्या उपपदांसाठी आहे. मराठीत तशी उपपदंच नाहीत, म्हणून इथे कायम ०. ‘श्री’ सोडून ‘स’खाली लावावं असा मोह होतो, पण श्री हे उपपद नव्हे. ‘सयाजी’ म्हणून शोधणाऱ्यासाठी प्रमाण नोंदीत (मालेचं ठरलेलं नाव सांभाळणारी वेगळी नोंद) ४३० चा ‘पाहा’ संदर्भ द्या.

४९० चा पहिला इंडिकेटर १ असेल तर ८०० ते ८३० पैकी एखादा टॅग असलाच पाहिजे; ० असेल तर नसला पाहिजे. १ टाकून ८३० विसरणं ही सर्वांत जास्त सापडणारी चूक. एकाच लेखकाच्या पुस्तकांची माला असेल तर ८३० ऐवजी ८०० : $ए मध्ये लेखक, $टी मध्ये मालेचं नाव. जुन्या नोंदींत ४४० दिसेल. तो २००८ मध्ये बाद झाला. नवी नोंद त्यात करू नका, जुनी हाताखाली आली तर ४९० आणि ८३० अशी फोडून घ्या.

माहिती घ्यायची कुठून? मालेचं स्वतंत्र शीर्षकपान असेल तर आधी ते, नाहीतर पुस्तकाचं शीर्षकपान, त्याची मागची बाजू, वेष्टन, कणा. शेवटच्या पानावरच्या ‘आमची इतर प्रकाशने’ यादीवरून माला ठरवू नका. तिथे प्रकाशक जाहिरातीच्या सोयीने नावं फिरवतो. मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं छापलेली असतील (साहित्य अकादमीची ‘भारतीय साहित्याचे निर्माते’ असो की दुसरी एखादी बहुभाषी माला), तर मराठी पुस्तकाच्या ४९० मध्ये मराठी नाव घ्या. इंग्रजी नाव द्यायचंच असेल तर = चिन्हानंतर.

आता माला नसलेल्या गोष्टी. ‘अमुक प्रकाशन क्र. ४५’ हा बहुतेक वेळा प्रकाशकाचा साठ्याचा क्रमांक असतो. तो अवतरणचिन्हांत ५०० च्या टिपेत घाला. विश्वकोशाचा खंड ही मालाच नव्हे; त्याचा क्रमांक शीर्षकाच्या टॅगमध्ये, २४५ च्या $एन मध्ये जातो. फसवं प्रकरण पुनर्मुद्रणाचं. जुन्या संस्कृत ग्रंथाची नवा प्रकाशक छायाप्रत काढतो, आतलं शीर्षकपान जुनंच, त्यावर जुनी माला. ती माला नव्या प्रकाशनाची नाही. तिची जागा मूळ आवृत्तीच्या टिपेत, ५३४ च्या $एफ मध्ये.

नाव बदललं तर? बॉम्बे संस्कृत सीरीजची पुढे बॉम्बे संस्कृत अँड प्राकृत सीरीज झाली. पहिल्या पाच शब्दांत भर पडली, म्हणून हा मोठा बदल : दोन प्रमाण नोंदी, दोघींना जोडणारे ५३० चे संदर्भ. उलट, शब्द जोडून लिहिले की सुटे, हा किरकोळ बदल, नोंद एकच. हा पाच शब्दांचा हिशेब मराठीत थोडा विनोदीच ठरतो, कारण वरची बडोद्याची अख्खी माला एका शब्दात मावते.

झेड३९.५० ने (दुसऱ्या ग्रंथालयाच्या तालिकेतून नोंदी आणायची पद्धत) उतरवलेल्या नोंदींत आणखी दोन खड्डे आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १ जून २००६ पासून मालांच्या प्रमाण नावांचं नियंत्रण थांबवलं, त्यामुळे तिथल्या त्यानंतरच्या नोंदींत ४९० चा इंडिकेटर ० आणि ८३० गायब असं सर्रास दिसेल. ते तसंच जतन केलं तर तुमच्या तालिकेतली माला तुटते. दुसरं, तिथे मराठी नाव रोमन लिपीत, रेघा-ठिपक्यांसह असतं. देवनागरी असलीच तर ८८० मध्ये. आपल्या ८३० ची लिपी एकदा ठरवून घ्या, नाहीतर अर्धी माला एका ठिकाणी, अर्धी दुसरीकडे. ‘ग्रंथ’ आणि ‘ग्रन्थ’ किंवा कॉपी-पेस्टबरोबर आलेलं न दिसणारं जोडचिन्ह यानेही तेच होऊ शकतं. देवनागरी आणि इंग्रजी आकड्यांची सरमिसळही तशीच त्रासाची.

महिन्यातून एकदा सगळ्या ८३० च्या $ए ची वर्णक्रमाने यादी काढा; कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी रिपोर्ट लिहिता येतो. जवळजवळ सारखी दिसणारी दोन नावं शेजारी आली की दुरुस्ती तिथेच. घाऊक बदल करताना टेम्प्लेटमध्ये फक्त $ए निवडा. अख्खा टॅग पुसून नवा घातलात तर त्या मालेतल्या प्रत्येक पुस्तकाचा $व्ही जाईल, आणि क्रमांक परत भरायला कपाटातून एकेक पुस्तक काढावं लागेल. ४९० ला तर घाऊक बदलात हातच लावू नका.